सक्ती करायचीच तर ती मुलांवर नको, शाळेवर करा

तुमचा प्रश्न मला असा समजला. तुम्ही शाळेच्या समितीवर आहात, सरकारी शाळांमध्ये कॉम्प्युटरची प्राथमिक ओळख आणि टायपिंग सगळ्यांना कंपल्सरी करायचं का यावर तुमच्याकडे वाद चालू आहे, काहीजण म्हणतात आजची पोरं मोबाईल घेऊनच जन्माला येतात त्यांना आपण काय शिकवणार, काहीजण म्हणतात आता नुसतं बोललं तरी टाइप होतं मग बोटं कशाला झिजवायची, आणि तुम्हाला हो की नाही एवढंच उत्तर हवंय. मी आधी काही वर्षं टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवायचो आणि गेली 19 वर्षं सरकारी शाळेत कॉम्प्युटर शिकवतोय, त्यामुळे उत्तर देतो, पण एका शब्दात नाही जमणार.

आधी खरा प्रश्न कुठला ते बघू. टायपिंग यावं की नाही यावर वाद नाहीच मुळात, येणं चांगलंच. वाद "कंपल्सरी" या शब्दाचा आहे, आणि हा शब्द आपण फार सहज वापरतो. कंपल्सरी म्हणजे वेळापत्रकात एक चौकट, एक पुस्तक, वर्षाच्या शेवटी एक परीक्षा आणि प्रगतिपुस्तकात एक श्रेणी. हे सगळं होऊनसुद्धा मुलाला टायपिंग येत नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, खरं सांगायचं तर मीच केलंय.

हिशोब मांडतो. वर्गात 36 मुलं, लॅबमध्ये चालू मशीन 12, पिरियड 35 मिनिटांचा आणि तो आठवड्यातून एकदा. वर्गातून रांगेने लॅबमध्ये जायचं, बसायचं, मशीन सुरू होईपर्यंत थांबायचं, दोघातिघांचा पासवर्ड चुकणार, शेवटी बंद करून परत यायचं, यात 15 मिनिटं जातात. उरली 20. एका मशीनवर तीन मुलं, म्हणजे एकाच्या वाट्याला साडेसहा मिनिटं. सुट्ट्या, परीक्षा, स्नेहसंमेलन वगळून वर्षात 30 पिरियड हाती लागले तरी खूप. म्हणजे एका मुलाची बोटं किबोर्डवर वर्षभरात सव्वातीन तास. तेही आठवड्याच्या अंतराने, म्हणजे मागच्या वेळी जे बसलं ते पुढच्या वेळेपर्यंत उडालेलं. एवढ्या वेळात कोणालाच सायकलसुद्धा येणार नाही. आणि कागदावर मात्र "कॉम्प्युटर शिक्षण: अनिवार्य, पूर्ण".

म्हणून माझं म्हणणं असं की सक्ती करायची तर ती मुलाने किती स्पीड काढला यावर नको, शाळेने मुलाला किती मिनिटं दिली यावर करा. प्रत्येक मुलाला अमुक वयापर्यंत अमुक तास, स्वतःच्या हाताने, किबोर्डवर. हे मोजता येतं, तपासता येतं आणि यात लबाडी करायला जागा कमी राहते.

आता "मोबाईलवर पोरं सुसाट टाइप करतात" या मुद्द्याकडे येतो, कारण तो अगदीच फालतू नाही. 2019 मध्ये 37,000 लोकांचं मोबाईलवरचं टायपिंग मोजलं गेलं होतं, सरासरी मिनिटाला 36 शब्दांच्या आसपास निघाली, आणि 10 ते 19 वयाची मुलं त्यांच्या आईवडिलांच्या पिढीपेक्षा मिनिटाला साधारण 10 शब्दांनी पुढे होती. त्याआधीच्या वर्षी कॉम्प्युटरच्या किबोर्डवरचं असंच मोजमाप झालं, 1,68,000 लोक, सरासरी 52 शब्द. म्हणजे अंतर आहे, पण फार मोठं नाही. (ही मोजमापं इंग्रजीतली आहेत आणि त्यात स्वतःहून आलेली, टायपिंगची हौस असलेली माणसं जास्त, हे लक्षात ठेवा.) तर अंगठे चालतात, मान्य. पण अंगठ्यांनी पोरं लिहितात काय, तर "हो", "येतो", "कुठे आहेस". दोन पानांचा निबंध, मधला परिच्छेद उचलून वर न्यायचा, तक्ता घालायचा, हे फोनवर कोणी हौसेने करत नाही.

आणि फोनवाली पोरं लॅबमध्ये आली की जे दिसतं ते ऐका. सहावीतला एक मुलगा, फोनवर व्हिडिओ एडिट करणारा, हुशार. पहिल्या दिवशी मॉनिटरवर बोट घासत बसला, काहीच हलेना, मग माझ्याकडे असा बघायला लागला की मशीन बिघडलंय. मग टाइप करायला लागला तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर, वहीत ओळ संपली की खाली यायचं तसं. शीर्षक मधोमध आणायला स्पेसबार 27 वेळा. एक अक्षर कॅपिटल हवं तर कॅप्स लॉक लावायचा, अक्षर दाबायचं, कॅप्स लॉक काढायचा. आणि सेव्ह केलेली फाईल कुठे गेली विचारलं तर "वर्डमध्ये आहे ना सर". फाईल ही वस्तू वेगळी, ती कुठल्यातरी फोल्डरमध्ये राहते, आणि वर्ड हे ती उघडायचं साधन, हा फरक फोनने त्याला कधी दाखवलेलाच नाही, फोन सगळं स्वतःच लपवून ठेवतो. यात त्याची चूक काहीच नाही. पण "त्यांना सगळं येतं" म्हणणाऱ्यांनी एकदा लॅबमध्ये मागे उभं राहून बघावं.

त्यामुळे "बेसिक कॉम्प्युटर" म्हणून मी फार थोडं शिकवतो. फाईल आणि फोल्डर, नाव देऊन सेव्ह करणं आणि दुसऱ्या दिवशी तीच फाईल शोधून काढणं, कॉपी-पेस्ट, पासवर्ड दुसऱ्याला न सांगणं, आणि अगदी पहिल्या तासाला कंट्रोल झेड. हे शेवटचं का, तर घाबरणाऱ्या मुलाला एकदा कळलं की काहीही चुकलं तरी मागे जाता येतं, की त्याचा हात मोकळा होतो. मॉनिटर, सीपीयू, प्रिंटरची चित्रं काढून नावं लिहा, "संगणकाच्या पिढ्या किती" वगैरे मी कधीच सोडून दिलंय. त्यात मार्क मिळतात, बाकी काही मिळत नाही.

बोलून टाइप करायचं म्हणाल तर 36 मुलं एकाच वेळी एका खोलीत बोलायला लागली तर काय होईल ते तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. गंमत सोडा, खरी अडचण दुरुस्तीची आहे. बोलून मजकूर उतरतो, पण तिसऱ्या ओळीतलं क्रियापद बदलायचं, दोन वाक्यं जोडायची, स्वल्पविराम हलवायचा, हे किबोर्डवरच होतं, आणि लिहिणं म्हणजे निम्मं दुरुस्तीच असते. ज्या मुलांना हाताची अडचण आहे त्यांच्यासाठी बोलून टाइप करणं वरदान आहे, त्यांना ते द्यायलाच हवं. पण उलट उदाहरणही माझ्याकडे आहे. माझ्याकडे एक मुलगी होती, तिला दिसत नव्हतं. एनव्हीडीए नावाचा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर लावून दिला, तो पडद्यावरचं वाचून दाखवतो. एफ आणि जे या दोन बटणांवर उंचवटे असतात ना, तिने पहिल्या दिवशी ते बोटाने शोधले आणि परत कधी विचारलं नाही. वर्गातली बाकी पोरं खाली बघून बघून टाइप करत होती आणि ती समोर मान ठेवून. न बघता टाइप करणं ही तिच्यासाठी हौस नव्हती, तोच एक रस्ता होता.

मग सगळ्यांनीच दहा बोटांनी, न बघता टाइप करावं का? इथे मी माझं मत बदललंय आणि ते कसं बदललं ते सांगतो. मी क्लासमधून आलेलो, त्यामुळे सुरुवातीला फार कडक होतो. प्रत्येक बटणाला ठरलेलं बोट, नाहीतर मार्क कापणार. आठवीत एक मुलगी होती, घरी जुन्या मशीनवर स्वतःच शिकलेली, चार-पाच बोटांनी टाइप करायची पण काय सुंदर करायची. मी तिला सगळं विसरायला लावलं, होम रोपासून, म्हणजे बोटं जिथे टेकवून ठेवतात त्या किबोर्डच्या मधल्या ओळीपासून, सुरू करायला लावलं. तिचा स्पीड निम्म्यावर आला, तीन महिन्यांत तिचा लॅबमधला रसच गेला, आणि शेवटी ना माझी पद्धत धड आली ना तिची उरली. ही माझी चूक, आजही खुपते. पुढे 2016 मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातला एक अभ्यास आला, त्यांनी 30 जणांच्या बोटांची हालचाल कॅमेऱ्याने टिपली, आणि निघालं असं की स्वतः शिकलेले, सरासरी सहा बोटं वापरणारे लोकही रीतसर शिकलेल्यांइतकेच वेगवान असू शकतात. महत्त्वाचं हे की एका बटणाला दरवेळी तेच बोट जायला हवं. फरक एवढाच दिसला की स्वतः शिकलेले लोक बोटांकडे जास्त वेळ बघतात.

आता मी हेच धरून चालतो. नव्या मुलाला रीतसर बोटं शिकवायची, कारण त्याला काहीतरी एक सवय लागणारच आहे तर बरी लागू दे. ज्याची आधीच एक पक्की सवय आहे त्याला छळायचं नाही, फक्त मान वर ठेवायला शिकवायचं. मान वर हवी याचं कारण साधं आहे, पुस्तक, पडदा आणि किबोर्ड अशी मान फिरत राहिली की वाक्य डोक्यातून निसटतं. बोटं आपोआप चालली की डोकं काय लिहायचं याला मोकळं राहतं, टायपिंग शिकवण्यामागे माझ्या मते एवढं एकच सबळ कारण आहे, "नोकरीत उपयोगी पडेल" हे नंतरचं.

यासाठी मी एक खोका वापरतो. कागदाच्या रिमचा खोका येतो त्याचं झाकण, त्याची एक लांब बाजू कापून टाकायची, ते किबोर्डवर पालथं ठेवायचं आणि हात त्याच्या आत घालायचे. मुलांना हा खेळ वाटतो. पहिले दोन दिवस पडद्यावर नुसता कचरा उमटतो, सगळे हसतात, तिसऱ्या दिवसापासून हात बसायला लागतो. पण पहिल्याच आठवड्यात हे करू नका, बटणं कुठे आहेत ते आधी बघू दे, मग झाका.

कितवीपासून, हे तुम्ही विचारलं नाहीत पण समितीत कोणीतरी विचारेलच. हे परिस्थितीवर आहे. पहिली-दुसरीत नको असं माझं ठाम मत. त्या वयात करंगळी पोचत नाही, बोटं वेगवेगळी हलत नाहीत, आणि अक्षर हाताने गिरवण्यातून जे शिकायचं असतं ते अजून चालू असतं. लोक फिनलंडचं उदाहरण देतात की त्यांनी हस्ताक्षर बंद केलं, ते तसं नाही. 2016 पासूनच्या तिथल्या अभ्यासक्रमात जोडून लिहायची सक्ती गेली आणि किबोर्डवर लिहिणं आलं, सुटी अक्षरं हाताने लिहायला ते शिकवतातच. अमेरिकेतल्या 2010 च्या कॉमन कोअरमध्ये, म्हणजे कुठल्या इयत्तेत काय यावं याच्या मानकांत, चौथीच्या मुलाने एका बैठकीत एक पान टाइप करावं, पाचवीत दोन, सहावीत तीन अशी अपेक्षा होती. मला ती जरा जास्त वाटते, पण वय साधारण तेच, नऊ ते अकरा. आणि टायपिंगने हस्ताक्षर बिघडेल ही भीती फार जुनी आहे, 1932 मध्ये वूड आणि फ्रीमन या संशोधकांनी अमेरिकेतल्या हजारो प्राथमिक शाळेच्या मुलांना टाइपरायटर देऊन याचा अभ्यास छापला होता, मुलं जास्त लिहायला लागली आणि हस्ताक्षराचं नुकसान दिसलं नाही.

तुमच्याकडे परीक्षा कॉम्प्युटरवर होणार असतील तर मात्र उशीर करू नका. अमेरिकेत 2012 मध्ये चौथीच्या मुलांची लेखनाची परीक्षा प्रायोगिक म्हणून कॉम्प्युटरवर घेतली, तेव्हा लेखनात पुढे असलेल्या मुलांना त्याचा फायदा झाला आणि कच्ची मुलं होती तिथेच राहिली किंवा मागे पडली, दरी वाढली. ज्याच्या घरी किबोर्ड आहे आणि ज्याच्या घरी नाही यातलं अंतर परीक्षेने मोजलं असं मी म्हणेन, आणि सरकारी शाळेत ही गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, कारण घरी किबोर्ड नसलेली मुलं आपल्याकडेच येतात.

आता मराठीचं. इथे बहुतेक शाळा टायपिंग म्हणजे इंग्रजी टायपिंगच धरतात आणि मराठी टाइप करायची वेळ आली की रोमन अक्षरांतून. मी म्हणतो ज्या भाषेत मूल विचार करतं तिचा किबोर्ड आधी. इनस्क्रिप्ट ही देवनागरी किबोर्डची मांडणी 1991 च्या सरकारी मानकात आहे आणि मुलांना ती भलतीच पटकन समजते, कारण ती बाराखडीसारखी आहे, डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, क च्या बटणावर शिफ्ट धरलं की ख, ग वर धरलं की घ. "चित्रे" हा शब्द घ्या, च, ि, त, ्, र, े, सहाही बटणं होम रोवर, बोट कुठे हलवायलाच नको, आणि उजवा-डावा-उजवा-डावा असा ताल पडतो. मी पहिल्या आठवड्यात हाच शब्द देतो. दोन ठिकाणी पोरं हमखास अडकतात. एक म्हणजे पहिली वेलांटी, ती दिसते अक्षराच्या आधी पण टाइप करायची नंतर, आधी च मग वेलांटी. जुन्या टाइपरायटरवर उलट होतं, वेलांटी आधी मारायची, त्यामुळे तिथून आलेले शिक्षकच इथे गडबडतात, मीही गडबडलो होतो. आणि दुसरं "दुसऱ्या", "कोपऱ्यात" असले शब्द, त्यातल्या "ऱ्या"ला र च्या बटणावर शिफ्ट धरावं लागतं, नाहीतर "दुसर्या" असा रफार वर चढून बसतो. मूल जसं बोलतं त्या क्रमाने टाइप करायचं एवढं सांगितलं की बहुतेक सुटतं.

एक सांगायचं राहिलं, स्पीड मिनिटाला शब्दात मोजतात त्यात एक शब्द म्हणजे पाच बटणं असा हिशोब असतो, तो इंग्रजीचा. "चित्रे" ऐकायला दोन अक्षरं पण बटणं सहा. तेव्हा इंग्रजीचा आकडा घेऊन मराठी टायपिंगला नापास करू नका.

आता वेळापत्रक. मुलाला सगळी अक्षरं न बघता सापडायला आणि हाताने लिहितो त्या वेगाला यायला माझ्या वर्गांत साधारण 12 तास लागतात, कोणाला 10 कोणाला 16. वरच्या हिशोबाने आठवड्याला एक पिरियड ठेवला तर याला जवळपास चार वर्षं लागतील, म्हणजे ते कधी येतच नाही. त्याऐवजी रोज 15 मिनिटं, आठवड्याला चार दिवस, 12 आठवडे सलग. 36 मुलांचे तीन गट करा, एक गट लॅबमध्ये, बाकी दोन वर्गात आपला अभ्यास करतील, 45 मिनिटांत तिघांची पाळी होते आणि प्रत्येक मुलाला स्वतंत्र मशीन मिळतं. 12 आठवड्यांनी तो वर्ग थांबवा, दुसरा घ्या. मशीन तीच, मास्तर तोच, फक्त चौकट मोडायची. मुख्याध्यापकांना हे पटवणं टायपिंग शिकवण्यापेक्षा अवघड जातं हे आधीच सांगून ठेवतो.

पण 12 आठवडे झाले आणि पुढे किबोर्डला हातच लागला नाही तर येरे माझ्या मागल्या. म्हणून नंतर भाषेच्या, विज्ञानाच्या शिक्षकांनी महिन्यातून एक-दोन कामं टाइप करून मागायची, इथे बहुतेक शाळांचं घोडं अडतं, कारण ते शिक्षक स्वतः दोन बोटांनी टाइप करतात आणि पोरांसमोर करायला लाजतात. त्यांनाही त्याच 12 आठवड्यांत मागच्या बाकावर बसवा. आमच्याकडे एक बाई बसल्या होत्या, पोरांच्या आधी त्यांचं खोक्याचं झाकण निघालं, काय खूश झाल्या होत्या.

नुसती मशीन आणून भागत नाही याचं मोठं उदाहरण पेरू देशाचं आहे. तिथे खेड्यापाड्यातल्या शाळांत मुलांना मोठ्या संख्येने लॅपटॉप वाटले, आणि 2012 मध्ये छापून आलेल्या मूल्यमापनात गणित आणि भाषेच्या गुणांत काहीच फरक दिसला नाही. लॅपटॉप वाईट होते असं नाही, शिकवण्यात काही बदललंच नाही तर गुण कशाला बदलतील. तेव्हा समितीत "आणखी 10 मशीन मागवू" हा ठराव आला तर आधी आहेत ती दिवसातले किती तास बंद पडून असतात ते विचारा.

बसण्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून सांगतो, खुर्च्या मोठ्यांच्या असतात, पोरांचे पाय लोंबकळतात, खांदे वर जातात, आणि मग दहा मिनिटांत मनगट दुखतं म्हणतात. पायाखाली लाकडी पाट किंवा जुन्या वह्यांचा गठ्ठा द्या, कोपर टेबलाच्या उंचीला यायला हवं.

मार्कांचं माझं उत्तर सरळ आहे, स्पीडला मार्क नकोत. मी ठेवून बघितले, पोरं अचूकपणा सोडून धडाधड बटणं बडवतात आणि झाकणाच्या फटीतून खाली बघतात. नोंद ठेवा, पण ती मुलाची मुलाशी, पहिल्या आठवड्याची आणि बाराव्या आठवड्याची, आणि समितीला दाखवायला मिनिटांची नोंद, कुठल्या वर्गाला किती मिळाली.

तुमच्या मीटिंगच्या आधी एक करा. एका वर्गाच्या मागे एक पिरियड लॅबमध्ये उभे राहा, कुठलंही एक मूल निवडा, शक्यतो कोपऱ्यात बसणारं, आणि त्याची बोटं प्रत्यक्ष किबोर्डवर किती मिनिटं होती ते घड्याळ लावून मोजा. तो आकडा, वर्गातली मुलं आणि चालू मशीन किती एवढं इथे लिहा, मी तुम्हाला गटांचं वेळापत्रक मांडून देतो. वीज किती वेळ असते तेही लिहा, मी वर ते गृहीत धरलंय.